‘म्हणे’ची किंमत

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘घरातले कागद आणि भाषा’ हा यंदाच्या व्याख्यानमालेचा विषय. माझ्याआधीच्या वक्त्यांनी मोडी दप्तरांबद्दल आणि देवस्थानांच्या वह्यांबद्दल फार चांगलं सांगितलं. मी संशोधक नव्हे. बेळगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये ३१ वर्षं मराठी शिकवलेला मास्तर आहे. म्हणून मी दप्तराबद्दल न बोलता एका विक्रीबद्दल बोलणार आहे. वडिलांच्या ट्रंकेत सापडलेली एक वस्तू विकायची की नाही, विकायची तर काय लिहून द्यायचं, यावर आम्हा तिघा भावंडांत जवळजवळ चार महिने चर्चा चालली. वस्तू युद्धातली होती आणि वादाची होती. चर्चा मात्र शेवटी येऊन थांबली ती एका क्रियापदावर. मराठीच्या मास्तराने हे तुमच्यापुढे मांडावं ते त्यासाठीच.

आधी वस्तू सांगतो. गणवेशाच्या बाहीवर शिवायचा ढालीच्या आकाराचा एक कापडी बिल्ला. केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन पट्टे, त्यांवर झेप घेणारा वाघ, आणि वरच्या बाजूला रोमन लिपीत दोन जर्मन शब्द : ‘फ्राइस इंडियन’, म्हणजे ‘स्वतंत्र भारत’. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला होता आणि सोबत डांबराच्या गोळ्या होत्या. त्याच ट्रंकेत तात्यांचं लष्करातून सुटल्याचं पुस्तक होतं, आणि युद्धकैद्यांना घरी पाठवायला मिळायची तसली तीन कार्डं. तात्या २००९ साली गेले. ट्रंक आईच्या खाटेखाली राहिली. २०१८ मध्ये आई गेली तेव्हा ती उघडली.

भाषेच्या दृष्टीने ती ट्रंक पाहण्यासारखी होती. सुटकेचं पुस्तक इंग्रजीत. पहिल्या दोन कार्डांवर इटालियन शिक्के, तिसऱ्यावर जर्मन. आतला मजकूर बाळबोध मराठीत, ‘ती. आप्पांस शि. सा. न.’ अशा सुरुवातीचा. आणि सगळ्यांत वर, पुढच्या काळातलं, कन्नडमधलं रेशनकार्ड. सीमाभागातल्या माणसाच्या एका आयुष्यात एवढ्या भाषा येऊन जातात आणि त्यांतली एखादीच त्याची असते.

तात्या १९४० साली बेळगावला भरती झाले. १९२२ च्या सैन्यरचनेत मराठा पलटणींचं प्रशिक्षण बेळगावला आलं, तेव्हापासून आमच्या भागातल्या गरीब घरांतल्या पोरांची वाट तिकडेच जाते. तात्या ज्या बटालियनमध्ये गेले तिला आजही ‘काळी पाचवी’ म्हणतात. ही बटालियन उत्तर आफ्रिकेत लढली आणि २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडलं तेव्हा जवळजवळ सगळीच्या सगळी कैद झाली. त्या एका दिवसात दोस्तांचे ३० हजारांहून अधिक सैनिक शत्रूच्या हाती सापडले. कैद्यांना इटलीत नेण्यात आलं, आणि त्यांतल्या काही हिंदी शिपायांना पुढे जर्मनीत. तात्यांच्या तिसऱ्या कार्डावर आनाबुर्गचा शिक्का आहे. हिंदी कैद्यांना जिथे एकत्र ठेवत होते तेच हे गाव.

इथून पुढचा इतिहास थोडक्यात सांगावा लागेल, कारण पूर्वेकडची आझाद हिंद सेना आपल्याला जेवढी माहीत असते, तेवढी युरोपातली नसते. सुभाषबाबू एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोचले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे ‘फ्री इंडिया सेंटर’ सुरू झालं. पाठोपाठ हिंदी युद्धकैद्यांमधून एक पलटण उभी करायला सुरुवात झाली. जर्मन सैन्यात ती ९५० क्रमांकाची रेजिमेंट म्हणून नोंदली गेली आणि तिच्या बाहीवर हा वाघ आला. आपल्या जुन्या पलटणींत कंपन्या जातीधर्मावार असत. इथे हिंदू, मुसलमान, शीख एकत्र ठेवले. हुकूम हिंदुस्थानीत दिले जात. शपथ मात्र हिटलरच्या नावाने होती : भारताच्या स्वातंत्र्यासाठी सुभाषचंद्र बोस ज्याचे नेते आहेत त्या लढ्यात जर्मन सेनेचा प्रमुख म्हणून हिटलरची आज्ञा पाळीन, अशा आशयाची. फेब्रुवारी १९४३ मध्ये सुभाषबाबू पाणबुडीतून पूर्वेकडे निघून गेले. पलटण मागेच राहिली. आधी हॉलंडच्या किनाऱ्यावर, मग फ्रान्समध्ये लाकानोजवळ अटलांटिकच्या तटबंदीवर. ऑगस्ट १९४४ मध्ये ती वाफेन एस. एस.च्या ताब्यात देण्यात आली. त्यानंतर फ्रान्समधून माघार घेताना तिच्यातल्या काहींनी गावांमध्ये लूट आणि स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी फ्रेंच लोकांनी केल्या आहेत.

पलटणीत गेलेल्यांचा आकडा ३ हजारांच्या आसपास धरला जातो. म्हणजे युरोपातल्या बहुसंख्य हिंदी कैद्यांनी नकार दिला. गेलेल्यांतही सगळे एका कारणाने गेले नाहीत. काही सुभाषबाबूंचं भाषण ऐकून गेले, काही भुकेने, काही दोस्तांच्या सोबतीने, काहींना दुसरा रस्ताच ठेवला गेला नाही. नकार देणाऱ्यांतही काहींनी इंग्रजाच्या मिठाला जागून नकार दिला, तर काहींना हिटलर नको होता.

या वस्तूवरून वाद का होतो, ते आता लक्षात येईल. आमच्या घरात देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर नेताजींची तसबीर लहानपणापासून आहे. गावातल्या तरुण मंडळाला बिल्ल्याबद्दल कळलं तेव्हा पोरं आनंदाने घरी आली. वेशीजवळ तात्यांच्या नावाची पाटी लावायची, त्यावर ‘आझाद हिंद सेनेचे वीर’ असं लिहायचं, असा त्यांचा बेत होता. गावातच तात्यांच्या पलटणीतल्या एका माणसाचा मुलगा राहतो. त्याचे वडील तोब्रुकला पकडले गेले, तीन वर्षं कैदेत राहिले आणि सही न करता परत आले. त्याने मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, “मास्तर, पाटी लावा. पण मग माझ्या बापाचीही लावा, सही न केलेल्याची.” त्या बोलण्यातला राग मला रास्त वाटला. आणि पोरांचा आनंदही खोटा नव्हता. एकाच कापडावर स्वातंत्र्याचा शब्द आहे आणि ज्यांनी ते शिवून दिलं त्यांच्या हाताला लाखो निरपराध माणसांचं रक्त आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता विक्रीकडे येतो. ऑगस्ट २०१९ च्या पावसात आमच्या भागात किती घरं पडली ते इथल्या पुष्कळांना आठवत असेल. धाकट्या भावाच्या जुन्या मातीच्या घराची पश्चिमेची सबंध भिंत बसली. दोन महिने तो, बायको आणि दोन मुलं गोठ्यात राहिली. अशा वेळी भाच्याने बिल्ल्याचा फोटो पुण्यातल्या एका लष्करी वस्तूंच्या जाणकाराला दाखवला, आणि त्या जाणकाराच्या ओळखीने एक संग्राहक आमच्याकडे आले. गृहस्थ सभ्य होते, अभ्यासूही होते. सोबत जंबूर रंगाचा प्रकाश टाकणारा लहान दिवा आणला होता. या बिल्ल्याच्या आणि आझाद हिंदच्या पदकांच्या नकला बाजारात फार आहेत, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. पदकं तर व्हिएन्नाच्या ज्या कारखान्यात घडवली गेली, त्याच कारखान्याने युद्धानंतरही ती पाडून विकली. म्हणून आधी परीक्षा. युद्धानंतरच्या कृत्रिम धाग्यात आणि शुभ्रता आणणाऱ्या रसायनांत त्या दिव्याखाली एक निळसर चमक दिसते. आमचा बिल्ला चमकला नाही. दिवा विझवून ते म्हणाले, “जुना आहे.”

मग त्यांनी किंमत सांगितली. एक नव्हे, दोन. नुसत्या बिल्ल्याचे २५ हजार. बिल्ला, तीन कार्डं, तात्यांचा गणवेशातला एक फोटो आणि शंभराच्या स्टँपपेपरवर आम्हा तिघांच्या सहीचं प्रतिज्ञापत्र, असं सगळं मिळून ९० हजार. प्रतिज्ञापत्राचा इंग्रजी मसुदा त्यांनी तयारच आणला होता. बहीण आणि भाऊ यांच्यासाठी मी तो मराठीत वाचला. कामाचं वाक्य एकच होतं : ‘आमचे वडील युरोपातील आझाद हिंद पलटणीत शिपाई होते आणि हा बिल्ला त्यांनी स्वतःच्या गणवेशावर घातला होता.’

त्या वाक्यामुळे किंमत एवढी का वाढते, असं मी विचारलं. त्यांनी न लपवता सांगितलं. अशा वस्तू घेणारे तीन प्रकारचे लोक असतात. काही लष्करी इतिहासाचे अभ्यासक, काही नेताजींचे भक्त. तिसऱ्या प्रकारातल्यांना ऑगस्ट १९४४ नंतरचा काळ हवा असतो, म्हणजे एस. एस.चा. सगळ्यांत जास्त पैसे मोजतात ते तिसऱ्या प्रकारातले. आणि तिघांनाही वस्तूमागे माणूस लागतो. नाव, गाव, फोटो, कैदेतली कार्डं. माणसाशिवाय ते नुसतं कापड.

धाकट्या भावाचं म्हणणं सरळ होतं. “तात्या असते तर काय म्हणाले असते? पोरं गोठ्यात आणि चिंधी ट्रंकेत? विका म्हणाले असते की.” मला याला उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. ज्याची भिंत उभी आहे त्याने ज्याची पडली आहे त्याला वारशाचं पावित्र्य शिकवू नये, असं मला वाटतं. विकण्यात अधर्म आहे असं मी तेव्हाही म्हटलं नाही. माझी अडचण फक्त त्या वाक्याची होती : ते खरं आहे का?

आम्ही तिघं बसलो आणि तात्यांच्या त्या तीन वर्षांबद्दल प्रत्येकाला काय माहीत आहे ते एका वहीत उतरवलं. त्यातलं थोडं वाचून दाखवतो.

एक. धान्याची पोती मोजताना तात्या गमतीने ‘आइन्स, त्स्वाय, द्राय’ असं मोजत. पण जर्मन छावणीत रोज हजेरी देणाऱ्या कोणत्याही कैद्याला एवढं येणारच.

दोन. एकदा सांगताना ते म्हणाले होते की आम्ही बर्फाच्या डोंगराकडे चालत गेलो, रात्री चालायचं आणि दिवसा लपायचं. हे ऐकून मला वाटलं होतं, सापडलं. आनाबुर्गहून न गेलेले पुष्कळ हिंदी कैदी पुढे फ्रान्समध्ये एपिनालला नेले होते. मे १९४४ मध्ये अमेरिकन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात ती छावणी फुटली आणि शेकडो हिंदी कैदी चालत स्वित्झर्लंडमध्ये शिरले. म्हणजे तात्या सही न केलेल्यांपैकी. पण मग वाचलं की १९४५ च्या वसंतात आझाद हिंद पलटणही जर्मनीतून स्वित्झर्लंडच्याच सरहद्दीकडे पायी निघाली होती आणि वाटेत पकडली गेली. दोन्ही रस्ते एकाच बर्फाच्या डोंगराकडे जातात.

तीन. सुटकेच्या पुस्तकात १९४२ ते १९४५ या वर्षांपुढे ‘युद्धकैदी’ एवढंच आहे. परत आलेल्यांची चौकशी होऊन इंग्रजांनी त्यांचे तीन रंग ठरवले होते : पांढरे, करडे आणि काळे. पांढरे म्हणजे निष्ठावान, काळे म्हणजे मनापासून शत्रूला मिळालेले, करडे म्हणजे मधले. तात्यांचा रंग कोणता, ते त्या पुस्तकात लिहिलेलं नाही. १९४६ मध्ये ते सुटले, पण त्या वर्षी युद्ध संपल्यामुळे लाखो लोक सुटले.

चार. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी सन्माननिधी सुरू केला. आझाद हिंद सेनेतल्या लोकांनाही तो मिळू लागला. गावातल्या एका पुढाऱ्याने तात्यांना अर्ज आणून दिला. तो तसाच कोनाड्यात राहिला. आईने विचारलं तर तात्या म्हणाले, “त्यात माझं काय हाय की?” हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे. ‘मी त्यांच्यात नव्हतोच’ असा त्याचा अर्थ लागतो. ‘होतो, पण त्याचे पैसे कसले घ्यायचे’ असाही लागतो. बेळगावच्या मराठीतला तो ‘की’ दोन्हीकडे वळतो.

पाच. हे बहिणीने सांगितलं आणि आम्ही दोघं भाऊ ते पहिल्यांदाच ऐकत होतो. तिच्या लग्नाआधी ट्रंक आवरताना तिने बिल्ला पाहिला आणि आईला विचारलं. आई म्हणाली, “तो वाघ तुझ्या बापाच्या मैतराचा, म्हणे. मेला बिचारा तिकडं.” आई चुकूनही ‘म्हणे’ लावायची नाही अशी नव्हती, पण उगीच लावणारीही नव्हती. तो शब्द तिने लावला, कारण तिला ते तात्यांनी सांगितलं होतं, तिने पाहिलं नव्हतं. तात्यांनी खरं सांगितलं असेल. किंवा नव्या बायकोला भीती वाटू नये म्हणून मित्राचं नाव पुढे केलं असेल. मेलेल्या मित्राची आठवण म्हणून सत्तर वर्षं कुणी एक बिल्ला जपेल का? जपेल. स्वतःच्या आयुष्यातली न सांगता येणारी दोन वर्षं म्हणून जपेल का? तेही जपेल.

मित्रहो, मी वर्गात तीन दशकं क्रियापदांचे अर्थ शिकवले. ‘घातला होता’ हा निश्चय. ‘घातला असावा’ हा तर्क. ‘घातला असेल’ ही शक्यता. आणि ‘घातला म्हणे’ ही ऐकीव गोष्ट, जिची जबाबदारी बोलणारा घेत नाही आणि टाळतही नाही, फक्त ती कुणाकडून आली ते दाखवतो. मुलांना ही परीक्षेपुरती बाब वाटते. त्या दिवशी आमच्या ओसरीवर या चार रूपांना भाव लागलेला होता. ‘घातला होता’ म्हटलं तर ९० हजार. ‘घातला असावा’ किंवा ‘घातला म्हणे’ म्हटलं तर २५. मधले ६५ हजार हे फक्त क्रियापदाचे.

भाऊ म्हणाला, “मग ‘होता’ लिहायला काय जातंय? तात्या काय येणारेत विचारायला?” बहिणीने त्याला उत्तर दिलं ते मला सुचलं नव्हतं. ती म्हणाली, “तात्या येणार नाहीत म्हणूनच. त्यांनी साठ वर्षं जे वाक्य कुणापुढे बोललं नाही, ते आपण त्यांच्या वतीने स्टँपपेपरवर बोलायचं?” आणि तिने आणखी एक हिशेब मांडला. हे वाक्य विकत घेणारा उद्या ते दुसऱ्याला विकेल. तात्यांचा फोटो, आमच्या गावाचं नाव आणि एस. एस.चा महिना एकत्र बांधून ते कुठल्या तरी देशात कुणाच्या तरी भिंतीवर जाईल. तात्या त्यांच्यात होते असं ठरलं तर ते सोसता येईल, कारण ते त्यांचं होतं. नव्हते, तर आपण आपल्या बापाला मेल्यानंतर हिटलरच्या फौजेत भरती करून टाकलं. आणि तरुण मंडळाच्या पाटीलाही हेच लागू. वीर म्हणून भरती करणं आणि गुन्हेगार म्हणून भरती करणं, दोन्ही आपल्या सोयीची भरती.

यानंतर कायद्याचीही एक बाजू मी पाहिली. आपल्यापैकी अनेकांना ती उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पुरावस्तू आणि कलानिधी यांबद्दलचा १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार वस्तू साधारणपणे १०० वर्षांची झाली की पुरावस्तू ठरते. पण ऐतिहासिक मोल असलेली हस्तलिखितं आणि कागदपत्रं यांना मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तू ठरलेली चीज खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे आमचा कापडी बिल्ला त्या कायद्यात बसत नव्हता, पण १९४२–४३ ची कार्डं बसण्याची पुरेपूर शक्यता होती. गंमत पाहा : ज्याला बाजारात भाव, त्याला कायदा ओळखत नाही, आणि ज्या कार्डांकडे आम्ही ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढाच मजकूर म्हणून पाहत होतो, त्यांना तो इतिहास म्हणतो. मला वाटतं, कायद्याचं बरोबर आहे.

कारण ती कार्डं मी मग नीट वाचली. जेमतेम काही ओळींची जागा, वर तपासनिसाची नजर. तरी पहिल्या कार्डात तात्यांनी आप्पांना विचारलंय की तांबड्या गाईला काय झालं. दुसऱ्यात लिहिलंय की पेटीतून पीठ आणि डाळ मिळाली, भाकरी मात्र नाही. लंडनहून इंडियन कम्फर्ट्स फंडाच्या मदतीने हिंदी कैद्यांसाठी आटा, डाळ, मसाला अशा पेट्या रेडक्रॉसमार्फत जात, त्याचा हा आमच्या घरातला दाखला. तिसऱ्या कार्डात, आनाबुर्गच्या, एकच वेगळं वाक्य आहे : इकडची चिंता करू नये, सर्व आपल्या लोकांत आहे. ‘आपले लोक’ म्हणजे कोण? पलटणीतले मराठे? छावणीतले हिंदी? की वाघवाले? मी ते कार्ड किती वेळा वाचलं ते सांगत नाही. उत्तर त्यात नाही.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो. प्रतिज्ञापत्रावर सही केली नाही. कार्डं, फोटो आणि सुटकेचं पुस्तक दिलं नाही. बिल्ला विकला. संग्राहकांना मी मराठीत एक पावती लिहून दिली आणि तिघांनी तिच्यावर सही केली. त्यात लिहिलं : हा बिल्ला आमच्या वडिलांच्या ट्रंकेत, आईच्या लुगड्याच्या तुकड्यात मिळाला. वडील तोब्रुक येथे १९४२ साली कैद झाले व पुढे आनाबुर्ग येथे होते, हे त्यांच्या पत्रावरून दिसते. बिल्ला त्यांच्या मित्राचा होता, असे आईने सांगितले. तो वडिलांनी घातला होता किंवा नाही, हे आम्हांस माहीत नाही. संग्राहकांनी दोनदा वाचली, थोडे हसले आणि म्हणाले, “मास्तर, ही पावती माझ्या उपयोगाची नाही, पण खोटी नाही एवढं खरं.” त्यांनी २५ हजार दिले. भिंतीला लागणारे बाकीचे पैसे बहिणीने आणि मी घातले. भाऊ आठवडाभर माझ्याशी फारसा बोलला नाही. तोही त्याच्या जागी बरोबर होता. ६५ हजार त्याच्या भिंतीतून गेले होते, माझ्या नव्हे.

विकायलाच नको होतं, असं म्हणणारे इथे असतील. संग्रहालयाला द्यायला हवं होतं, असंही. त्यांचा मान राखून सांगतो : गरजेपोटी वस्तू विकणाऱ्या घराला मी दोष देणार नाही. जुन्या वस्तू मोठ्या घरांत राहतात आणि लहान घरांतून जातात, त्याचं कारण भक्तीत नसतं, भिंतींत असतं. पण वस्तू जाताना तिच्याबरोबर आपण काय शब्द पाठवतो, ते गरिबाच्याही हातात असतं. वस्तू जाते, वाक्य राहतं. पुढचा माणूस त्या वाक्यावर दुसरं वाक्य रचतो, आणि दोन पिढ्यांत ‘म्हणे’ गळून जातो. इतिहासातल्या किती ठाम विधानांच्या मुळाशी असा कुठे तरी पुसलेला एक ‘म्हणे’ असेल, याचा विचार केला की मला भीती वाटते.

म्हणून या व्यासपीठावरून माझी एक साधी विनंती आहे. बेळगाव, खानापूर, चंदगडपासून इथे गोव्यापर्यंत आणि पलीकडे बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरपर्यंत फौजेत गेलेल्या मराठी माणसांच्या ट्रंका घराघरांत आहेत. मेसोपोटेमिया, तोब्रुक, इटली, ब्रह्मदेश, सगळीकडून काही ना काही आलेलं आहे. त्यांतलं काही अभिमानाचं, काही लाजेचं, बरंचसं दोन्हींच्या मधलं. ते ठेवायचं की विकायचं ते ज्याच्या त्याच्या घराने ठरवावं. पण त्याआधी एक दोन रुपयांची वही घ्यावी आणि चार गोष्टी लिहाव्यात. वस्तू कुठे, कशात गुंडाळलेली आणि कशाच्या सोबत सापडली. तिच्याबद्दल कोण काय बोललं, ते शक्यतो त्याच माणसाच्या बोलीतल्या शब्दांत. बोलणाऱ्याने स्वतः पाहिलं होतं की ऐकलं होतं. आणि आपल्याला काय माहीत नाही. ही शेवटची ओळ सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची. भाऊबहीण हयात असताना हे लिहा, कारण आमच्या बहिणीकडे होतं ते वाक्य आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

लिहिताना प्रमाण मराठीची काळजी करू नका. ‘मैतर’ला ‘मित्र’ करू नका, ‘की’ खोडू नका, आणि ‘म्हणे’ तर मुळीच गाळू नका. अकादमीने अशा वह्यांच्या प्रती जमवायला घेतल्या तर सैनिकी इतिहासाला जेवढा उपयोग होईल तेवढाच मराठीच्या बोलींनाही होईल. आमच्या घरची वही आणि तिन्ही कार्डांच्या प्रती मी आज सोबत आणल्या आहेत. त्या मी अकादमीच्या ग्रंथपालांकडे देत आहे. ज्या कुणाला आनाबुर्ग, एपिनाल किंवा लाकानोबद्दल आपल्या आजोबांकडून काही ऐकलेलं आठवत असेल, त्यांनी ते आमच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर जरूर लिहावं. अर्धवट असलं तरी चालेल. एकमेकांशी न जुळणारं असलं तर अधिकच चालेल.